आठ बाय चारच्या फळीवर रेस : घरच्या घरी लाकडी ट्रॅक

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे ३ मिमी जाडीची पिन करून घ्यायला गेलो होतो. "कुठल्या मशिनीची हाय?" त्यानं विचारलं. मशिनीची नाही, खेळण्याची आहे म्हटल्यावर त्यानं एकदा माझ्याकडे आणि एकदा कागदावरच्या चित्राकडे बघितलं. "मग खेळ लई बारीक हाय तुमचा," म्हणाला.

बारीकच आहे. लाकडी फळीत खाच पाडायची, खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याची फीत चिकटवायची, फितीत १२ व्होल्टची वीज सोडायची आणि हातातल्या कंट्रोलरचा चाप दाबून वीतभरापेक्षा लहान गाडी त्या खाचेतून पळवायची. याला स्लॉट कार म्हणतात. गाडीच्या पोटाखाली पुढच्या बाजूला एक पातं असतं, ते खाचेत बसतं. पात्याच्या दोन्ही बाजूंना विणलेल्या तांब्याच्या तारांच्या चपट्या पट्ट्या असतात, त्या फितीवर घासत जातात आणि मोटारीला वीज पोचते. स्टीअरिंग नाही. तुमच्या हातात फक्त वेग, आणि वळणावर तो आवरता आला नाही की गाडी खाच सोडून थेट भिंतीवर. १९५७ साली इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी 'स्कॅलेक्स्ट्रिक' बाजारात आणलं आणि पुढं हे खेळ घरोघर गेले. ते जोडायच्या तुकड्यांचे ट्रॅक. तुकडे आले की सांधे आले, सांधे आले की खडखडाट आला, आणि वळणं कंपनीनं ठरवलेलीच. लाकडावर गाडी एका सुरात पळते आणि वळण तुम्ही काढाल तसं.

पहिल्यांदा करणाऱ्यानं आठ बाय चार फुटांच्या एकाच फळीत, दोन लेनचा ट्रॅक करावा. चार लेन, पूल, चढ-उतार हे सगळं नंतर. कोल्हापुरात नाद लागायला वेळ लागत नाही, पण अर्धवट ट्रॅक माळ्यावर पडून राहिला की पुन्हा हात लावायचं मन होत नाही.

आधी जिना मोजा

हे वाचून हसाल, पण माझी पहिली फळी हातगाडीवरून मंगळवार पेठेतल्या घरापर्यंत व्यवस्थित आली आणि लाकडी जिन्याच्या वळणावर अडकली. पुढं जाईना, मागं येईना. शेवटी परत खाली आणून मधोमध कापली आणि चार बाय चारचे दोन तुकडे वर नेले. नंतर कळलं की ते चांगलंच झालं. दोन तुकड्यांचा ट्रॅक उचलता येतो, कपाटामागं उभा करता येतो, घर बदललं तरी सोबत येतो. फक्त सांधा कुठं येतो ते आराखडा काढतानाच ठरवायचं. खाच सांध्याला काटकोनात ओलांडली पाहिजे. तिरकी ओलांडली तर दोन तुकडे केसभर सरकले तरी गाडी तिथं ठेचकाळते.

जागाही मोजून घ्या. फळीभोवती एका लांब बाजूला दोन माणसं उभी राहतील आणि बाकी तिन्ही बाजूंनी उडालेली गाडी उचलायला हात पोचेल एवढी मोकळीक हवी. चार फूट रुंदीला भिंतीकडच्या कडेपर्यंत हात पुरतो, पण जेमतेम.

फळी कुठली

टिंबर मार्केटला जाऊन प्लायवूड मागितलंत तर ते मिळेल, आणि ते चूक ठरेल. प्लाय म्हणजे आडवे-उभे थर. खाच पाडताना बारीक बिट, म्हणजे यंत्राचं कापणारं टोक, एका थरातून दुसऱ्यात गेलं की ढलप्या उडतात, आत पोकळी लागली तर खाचेची भिंतच नाहीशी होते. मी आधी घरात पडलेल्या प्लायवर प्रयोग केला आणि पहिल्या हातभर लांबीत बिट मोडलं.

एमडीएफ म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी. कुठूनही कापा, सारखंच कापलं जातं, म्हणून जगभर या कामाला तेच वापरतात. पण त्यांचं जग वेगळं आणि आपला जुलै वेगळा. साधं एमडीएफ ओल पिऊन फुगतं, आणि एकदा फुगलं की परत बसत नाही. म्हणून मॉड्युलर किचनवाले जे एचडीएचएमआर वापरतात ते घ्या. लाकडाच्या लगद्याचंच असतं, पण दाट दाबलेलं आणि ओलीला बऱ्यापैकी दाद न देणारं. जाडी १२ मिमी पुरते. १८ मिमी घेतलंत तर खाच निर्धास्त पाडता येईल, पण वजन दीडपट. १२ मिमीची पूर्ण फळीच तीस किलोच्या आसपास भरते. दुकानातच पॅनेल सॉवर, म्हणजे मोठ्या करवतीच्या यंत्रावर, मधोमध कापून घ्या. हाताच्या करवतीनं ती कड सरळ येत नाही आणि सांधा सगळा त्या कडेवर अवलंबून आहे.

कागदावर पळवून बघा

फळीवर थेट पेन्सिल टेकवू नका. वर्तमानपत्रं चिकटवून आठ बाय चारचा कागद करा, जमिनीवर पसरा आणि खऱ्या मापात लेन काढा. मग गाडी हातात धरून त्यावरून फिरवा, गाडीची शेपटी वळणावर किती बाहेर जाते ते बघा. १:३२ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्श्याची गाडी साधारण १३ ते १५ सेंटीमीटर लांब असते. पातं पुढं खाचेत आणि मागची चाकं घसरून बाहेर, म्हणजे वळणावर तिला दहा-बारा सेंटीमीटर मोकळं लागतं. म्हणून बाहेरची खाच फळीच्या कडेपासून १३० मिमी आत ठेवा. दोन लेनमध्ये ९० मिमी अंतर. काही प्लास्टिकच्या ट्रॅकवर ते कमी असतं, पण जागा आहे तर गाड्या एकमेकींना घासायला कशाला लावायच्या?

सगळ्यात सोपा आकार म्हणजे लांबट गोल. वरच्या मापांनी बाहेरच्या लेनच्या वळणाची त्रिज्या ४८० मिमी येते, आतलीची ३९०, आणि दोन्हीकडची सरळ वाट १२२० मिमी. बाहेरची फेरी ५.४६ मीटर, आतली ४.८९. फरक ५६.५ सेंटीमीटर. हा फरक म्हणजे २ गुणिले पाय (π) गुणिले ९० मिमी. गंमत अशी की लेन एकमेकींना ओलांडत नसतील तर ट्रॅक कितीही नागमोडी केलात तरी हा आकडा हलत नाही, कारण फेरी पूर्ण होईपर्यंत गाडी शेवटी एकच पूर्ण वळसा घेते. तो घालवायला इंग्रजी आठाचा आकार करावा लागतो, म्हणजे चौकात धडक किंवा पूल. पहिल्या ट्रॅकला दोन्ही नकोत. दर दहा फेऱ्यांनंतर लेन बदलून खेळायचं, भांडण मिटलं.

नुसता लांबट गोल मात्र आठवड्यात कंटाळवाणा होतो. मी एक सरळ बाजू मध्यावर आत दाबली, काजूगरासारखी. तेवढ्यानं एक उलटं वळण मिळालं आणि खेळ बदलला. शिवाय काजूच्या त्या खोलगट भागाच्या मध्यावर खाच फळीच्या लांबीला समांतर जाते, म्हणजे मधल्या सांध्याला बरोबर काटकोनात. कुठलंही वळण घ्या, त्रिज्या २२५ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. आणि सरळ वाटेतून एकदम वळण सुरू करू नका, हात हळूहळू वळवा. एकदम सुरू होणाऱ्या वळणाला गाडी दर वेळी त्याच जागी उडते आणि दोष खेळणाऱ्याला लागतो.

उभं राहायची जागा आत्ताच ठरवा. खासबाग मैदानात कुठंही बसलं तरी कुस्तीचा आखाडा दिसतो, तसं दोन्ही खेळणाऱ्यांना सगळा ट्रॅक दिसला पाहिजे. मध्ये डोंगर, गॅलरी, झाडं असलं काही उंच करायची हौस येते. ती आवरा.

खाच

सगळा ट्रॅक इथं आहे. बाकी कामात चूक झाली तर दुरुस्त होते, खाचेतली चूक लांबी (पुट्टी) भरून पुन्हा कापावी लागते आणि भरलेली जागा गाडीला कायम कळते.

यंत्र म्हणजे सुतार सनमायका छाटायला वापरतात तो ट्रिमर. स्वतःचा घ्यायची गरज नाही, ओळखीच्या मिस्त्रींकडून दोन दिवसांसाठी मागा. माझ्या मिस्त्रींनी दिला, पण "मालक, एवढ्या बारीक खाचंत बसणार काय, काच?" असं विचारून घेतलंच. बिट पाव इंची शँकचं (दांडीचं), सरळ, कार्बाइडचं, १/८ इंची, म्हणजे ३.२ मिमीला जरा कमी. अशी तीन आणा. एक मोडेलच.

आता साचे. दुकानांचे बोर्ड करणाऱ्यांना अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापून देणारे लेसरवाले असतात, त्यांच्याकडून तीन गोष्टी करून घ्या. एक, १० मिमी रुंद आणि ८ मिमी जाड अशा दोन लांब लवचीक पट्ट्या, दर १० सेंटीमीटरला स्क्रूचं भोक पाडून. दोन, १२० मिमी व्यासाची गोल चकती, जी ट्रिमरच्या तळाला लागेल, बिट बरोबर मध्यात. तळ गोल हवा, कारण चौकोनी तळ आतल्या वळणावर दोन कोपऱ्यांवर टेकतो आणि बिटचं अंतर बदलतं. गोल तळ कसाही फिरला तरी बिट पट्टीपासून ६० मिमीवरच राहतं. तीन, दुसरा एक तळ, ज्याला बाजूला हात काढून त्यात पिनांची भोकं.

पिनांची गोष्ट अशी. पहिली लेन पट्टीच्या आधारानं कापायची. दुसऱ्या लेनसाठी पट्टी पुन्हा लावायची नाही. तळाच्या हातातली पिन पहिल्या खाचेत सोडायची आणि ट्रिमर तिच्या मागं चालवायचा, म्हणजे दुसरी खाच आपोआप ९० मिमीवर येते. मी आधी एकच पिन लावली होती. ट्रिमर त्या पिनेभोवती थोडा-थोडा वळत राहिला आणि माझ्या चाचणीच्या तुकड्यावरची दुसरी लेन सापासारखी आली. दोन पिना हव्यात, एकमेकींपासून ३० मिमीवर, दोन्ही खाचेत. मग तळ काटकोनातच राहतो. त्या लेथवाल्याकडे मी दुसऱ्यांदा गेलो ते याचसाठी, आणि या वेळी त्यानं काही विचारलं नाही.

कापण्याआधी उरलेल्या तुकड्यावर हातभर खाच पाडा आणि त्यात तुमच्याच गाडीचं पातं घालून बघा. पातं सैल सरकलं पाहिजे, आणि तळाला टेकता कामा नये. टेकलं तर गाडीचं नाक उचललं जातं, तांब्यावरचा संपर्क तुटतो आणि गाडी आचके देत चालते. नेहमीच्या गाड्यांना ८ मिमी खोली पुरते. खास लाकडी ट्रॅकसाठी येणारी खोल पाती असतील तर १८ मिमीची फळी लागेल.

आठ मिमी एका दमात कापू नका. आधी चार, मग पुन्हा त्याच वाटेनं चार. पट्टी आराखड्याच्या रेषेपासून ६० मिमीवर स्क्रूनं बसवा, डोळा जमिनीलगत नेऊन तिच्याकडे बघा. कुठं कुबड दिसलं तर तिथला स्क्रू काढून पट्टीला स्वतःहून वळू द्या. ती तुमच्यापेक्षा चांगलं वळण काढते. ट्रिमर पुढं ढकलताना पट्टी नेहमी तुमच्या डाव्या हाताला ठेवा. बिट वरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेनं फिरतं, त्यामुळं यंत्र डावीकडं ओढलं जातं आणि पट्टीला चिकटून राहतं. पट्टी उजवीकडं ठेवलीत तर ते पट्टी सोडून पळू बघतं. हात न थांबवता एकाच चालीनं जा. थांबलात की तिथं जळकट वास आणि खाच रुंद. जिथं सुरुवात आणि शेवट भेटतात ती जागा सरळ वाटेवर ठेवा, फरक पडलाच तर तिथंच आरंभरेषा रंगवून टाकायची.

दोन तुकड्यांची फळी असेल तर कापताना ती एकत्र जोडूनच कापा. सांध्यात दोन लाकडी खुंट्या आणि खालून पट्टीला बोल्ट. कापून झाल्यावर जोडलेत तर खाचा जुळवताना डोक्याचे केस उपटाल.

हे काम घरात करू नका. ही धूळ पिठासारखी बारीक असते, त्यात डिंकाचं रसायन असतं, आणि ती चार दिवस डाळीच्या डब्यावर सापडत राहते. गच्चीवर करा, नाकाला धुळीचा चांगला मास्क, डोळ्याला चष्मा, कानात इअरप्लग. बिट बदलताना ट्रिमरचा प्लग बोर्डातून काढलेला असला पाहिजे. बटण बंद केलंय एवढ्यावर विसंबू नका.

खाचेखाली आता फक्त चार मिमी लाकूड उरलंय. दोघांनी धरून फळी उलटी करा आणि लगेच खालून दोन बाय एक इंची पट्ट्यांची चौकट लावा, दर ४० सेंटीमीटरला एक आडवी. फेविकॉल भरपूर, स्क्रू आखूड आणि खाचेपासून दूर. इथं मोजमापात फार जीव घालवायची गरज नाही, चौकट कोणाला दिसत नाही.

रंग

आधी १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग २४०. खाचेत पोलादी पट्टीला पेपर गुंडाळून फिरवा. मग प्रायमर, आणि तो फळीच्या कडांना, खालच्या बाजूला आणि खाचेतही. वरून छान रंगवलेली आणि खालून उघडी फळी एका बाजूनं ओल पिते आणि पापडासारखी वाकते.

वरचा रंग पाण्यात मिसळणारा, मॅट इमल्शन, भिंतीला मारतात तो. छोट्या स्पंजच्या रोलरनं दोन-तीन पातळ हात. त्यानं किंचित खरखरीत पोत येतो आणि रबरी टायरला पकड मिळते. ऑइल पेंट नको. चकाकतो छान, पण वळणावर गाडी साबणावरून गेल्यासारखी जाते. हे मी एका रविवारी रंगवून आणि पुढच्या रविवारी घासून शिकलो. रंग गडद राखाडी बरा, काळा नको, काळ्यावर धूळ फार दिसते. रंग वाळला की खाचेतून पुन्हा पोलादी पट्टी फिरवा, थेंब अडकलेले असतात.

तांबं

६ मिमी रुंदीची, मागं डिंक असलेली तांब्याची फीत ऑनलाइन मिळते. हिशेब करा. दोन्ही लेन मिळून साधारण साडेदहा मीटर, प्रत्येक लेनला दोन फिती, म्हणजे २१ मीटर. पंचवीस-तीस मीटरचं एकच वेटोळं घ्या, म्हणजे एक लेन एका सलग फितीत होते. जितके जोड कमी तितका त्रास कमी. डिंक वीज वाहून नेणारा आहे असं लिहिलेलं असलं तरी जोडावर सोल्डर करायचंच.

खाचेच्या कडेपासून मिलिमीटरभर सोडून फीत बसवा. अगदी कडेला लावली तर पात्याला अडकून उचकटते. सरळ वाटेवर ताणून, वळणावर अजिबात न ताणता, एका वेळी बोटभर चिकटवत जा. आतल्या कडेला बारीक चुण्या पडतील, त्या नखानं न दाबता चमच्याच्या पाठीनं घासून सपाट करा. घाईनं बसवलेल्या फितीवर पुढं कायम हात फिरवत बसावं लागतं, त्यामुळं या कामाला एक शांत संध्याकाळ द्या. आमच्याकडं हे काम आईनं केलं. रांगोळीचा हात असलेल्या माणसाला वळणं सांगावी लागत नाहीत.

दोन तुकड्यांच्या सांध्यावर फीत कापून प्रत्येक टोक खाली वळवा, आणि दोन्ही बाजूंना वायर सोल्डर करून मध्ये साधा प्लग द्या. फितीवर जास्त वेळ सोल्डरची इस्त्री टेकवू नका, खालचा डिंक आणि रंग दोन्ही फुगतात.

तांबं काळवंडलं की घरातलं कोणीतरी चिंच घेऊन येईल. हात धरा. चिंच, लिंबू, भांड्याची पावडर यांतलं पाणी आणि आंबट फितीखाली शिरतं आणि फीत सुटते. मऊ फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, आणि हट्टी डागाला शाळेचं खोडरबर.

वीज

२३० व्होल्टचा तुमच्या ट्रॅकशी काही संबंध येता कामा नये. उघड्या स्क्रूंचा मोठा पॉवर सप्लाय घेण्यापेक्षा सीसीटीव्ही कॅमेऱ्याला लावतात तसले १२ व्होल्ट, २ अँपिअरचे बंद डब्यातले दोन अडॅप्टर घ्या, प्रत्येक लेनला वेगळा. यात अजून एक फायदा आहे. एकाच सप्लायवर दोन गाड्या असल्या की एक उडाली की दुसरीला एकदम जोर मिळतो आणि तीही उडते. वेगळे असले की ज्याचं त्याचं नशीब. तयार संच घेतला असेल तर त्याच्यासोबत आलेला अडॅप्टर त्याच्याच कंट्रोलरबरोबर वापरा.

कंट्रोलर घरी करायच्या भानगडीत पडू नका. फिरवायच्या बटणाचं स्वस्त मॉड्यूल मिळतं, पण बोट सोडलं की ते शून्यावर येत नाही. चांगल्या कंट्रोलरमध्ये तीन वायरी असतात. एक सप्लायची, एक ट्रॅककडं जाणारी आणि एक ब्रेकची. चाप सोडला की मोटारीची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात, मोटार स्वतःच जनरेटर बनते आणि तिलाच अडवते. वळणाआधीचा सगळा खेळ या ब्रेकवर आहे.

वायर १ चौरस मिमीची, फळीखालून, क्लिप मारून. फीत कागदासारखी पातळ असते, तेव्हा एकाच जागी वीज देऊन थांबू नका. आरंभरेषेजवळ एक आणि बरोबर समोरच्या बाजूला एक, अशा दोन जागी खालून वायर आणून सोल्डर करा. मग कुठं चीर गेली तरी दुसऱ्या बाजूनं वीज येत राहते. प्रत्येक लेनला २ अँपिअरचा फ्यूज टाका. गाडी उलटी पळाली तर त्या लेनच्या दोन वायरी अदलाबदल करा, एवढंच.

गाडी लाकडावर का उडते

नव्या माणसाचा सगळ्यात मोठा अपेक्षाभंग इथं होतो. संचातली गाडी प्लास्टिकच्या ट्रॅकवर घोरपडीसारखी चिकटून पळत होती, तीच लाकडावर पहिल्या वळणाला उडते. ट्रॅक बिघडलेला नाही. बहुतेक गाड्यांच्या पोटात एक लोहचुंबक असतं, ते प्लास्टिकच्या ट्रॅकमधल्या लोखंडी पट्ट्यांना ओढून धरतं. तांब्याला चुंबक ओढत नाही.

चुंबक काढून टाका, नाहीतरी ते आता नुसतं ओझं आहे, आणि त्याऐवजी वजन जिथं हवं तिथं द्या. टायरवाल्याकडे चाक बॅलन्स करताना रिमला चिकटवायची ५-५ ग्रॅमची वजनं असतात, त्यातली दोन-तीन मागून घ्या आणि पात्याच्या मागं, शक्य तितकी खाली चिकटवा. एका वेळी एकच, मग चार फेऱ्या मारून बघा. शिशाची असतील तर मुलांच्या हाती देऊ नका आणि काम झाल्यावर हात धुवा. टायर पूर्ण गोल नसतात. सपाट फळीला २४० चा पेपर चिकटवा, गाडीची मागची चाकं त्यावर हलकी टेकवून मोटार चालू करा, मिनिटभरात गोल होतात. पात्याशेजारच्या पट्ट्या नखानं किंचित पसरवून सपाट करा.

वेग किती? साडेपाच मीटरची फेरी चार सेकंदांत मारलीत तर गाडी ताशी पाच किलोमीटरही जात नाही, रंकाळ्याला फिरायला आलेले आजोबा तेवढं चालतात. पण १:३२ च्या हिशेबानं ते ताशी दीडशेच्या वर होतं, आणि डोळ्यांना ते दीडशेच वाटतं.

कडेला बाहेरून स्पंजची किंवा फोमची तीन-चार सेंटीमीटर उंच भिंत लावा, नाहीतर गाडी टेबलावरून फरशीवर. सजावट फार करू नये असं माझं मत, पण दिवाळीचा किल्ला मोडला की उरलेले मावळे प्रेक्षक म्हणून उभे करता येतात. या मापात माणूस साडेपाच सेंटीमीटरचा होतो. मुलीनं तटबंदीवरचा तोफवाला आरंभरेषेवर उभा केलाय, तो झेंडा दाखवतो म्हणे. फेऱ्या मोजायला सेन्सर बसवता येतात, पण पहिले काही महिने तिसरा माणूस तोंडानं मोजतो त्यात जास्त दंगा असतो. दहा-दहा फेऱ्या, मग लेन बदल, दोन्हीची बेरीज. उडालेली गाडी उचलायला जो उभा असेल त्यानं ती उडाली तिथंच ठेवायची, पुढं नाही.

पावसाळा

हे काम दिवाळीनंतर सुरू करा आणि मेच्या आत रंगापर्यंत आणा. पाऊस सुरू झाल्यावर प्रायमर नीट वाळत नाही आणि उघडी कापलेली कड आठवड्यात फुगते.

खेळायचं नसेल तेव्हा तुकडे तोंडाला तोंड लावून, मध्ये जुनी चादर घालून, उभे ठेवा. भिंतीला टेकवताना चार बोटं अंतर ठेवा, पेठेतल्या जुन्या भिंती श्रावणात घाम गाळतात. नदीकडच्या भागात राहत असाल तर तळमजल्यावर ठेवूच नका. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली होती. त्या पाण्यापुढं एचडीएचएमआरही टिकत नाही.

गणपती झाले की बाहेर काढा. सांध्याचे बोल्ट आवळा, सांध्यावरून नख फिरवून पायरी लागते का बघा, लागली तर खाली कागदाची घडी सारा. फीत अल्कोहोलनं पुसा, उचकटलेली दिसली तर चमच्यानं दाबा. खाचेतून ब्रश फिरवा, चार महिन्यांत तिथं काय काय साठतं ते बघून आश्चर्य वाटेल. आमच्याकडं गेल्या वर्षी एक मुंगळ्यांची वसाहत निघाली. मग गाडी अर्ध्या चापावर वीस फेऱ्या फिरवा, जिथं अडखळते तिथं पेन्सिलीनं खूण करा, आणि पूर्ण चाप दाबण्याआधी त्या खुणा मिटवा.